खर्जाच्या चार तारा



या पानाकडे येणारी पत्रं बहुधा लोणच्याची बुरशी, मुलांचे अभ्यास आणि नणंदेच्या घरचा आहेर यांच्याभोवती फिरतात. त्यांत एका जिल्ह्याच्या गावाहून आलेलं एक पत्र जरा निराळं निघालं. बाईंचं वय ४८. त्या लिहितात, "मुलगा बंगळुरूला नोकरीला लागला आणि त्याची बेस गिटार इथंच राहिली. दोन वर्षं पलंगाखाली होती. गेल्या पावसाळ्यात साफसफाई करताना बाहेर काढली, पुसली आणि मांडीवर घेतली, ती राहिलीच. आता तीन गाणी येतात. मुलाला अजून पत्ता नाही. एक गाणं नीट रेकॉर्ड करून त्याला पाठवावं असं फार मनात आहे. पण फोनवर रेकॉर्ड केलं की नुसतं टकटक ऐकू येतं. आमचे हे म्हणतात, असलं कसलं वाद्य, समोर बसूनही ऐकू येत नाही! जाऊबाई म्हणतात, या वयात? तुम्हीच सांगा, पाठवू की नको?"

पाठवा. आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल.

तुमच्या यजमानांचं म्हणणं अगदीच खोटं नाही बरं का. साध्या गिटारीला पोकळ पोट असतं, आवाज त्यात घुमतो. बेस गिटार म्हणजे भरीव लाकूड. तिचा आवाज तारांखालच्या चुंबकांतून तारेनं बाहेर पडायचा, हवेतून नव्हे. तिला कशाला जोडलीच नाही तर समोर बसलेल्या माणसाला ऐकू येणार ते नखानं पाट वाजवल्यासारखंच. शिवाय तिचे सूर किती खालचे! सगळ्यांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी केलेला आणि त्याचा स्पीकर तर करंगळीच्या नखाएवढा. त्या दोघांनी मिळून तुमचा खर्ज गिळला आणि वरची टकटक तेवढी ठेवली. वाद्यात दोष नाही आणि तुमच्या बोटांतही नाही.

ज्यांनी लहानपणी पेटीवर चार अलंकार वाजवले असतील त्यांच्यासाठी एक सोय सांगते. शिकवण्यांमध्ये या चार तारांना ई, ए, डी, जी म्हणतात आणि तिथंच अनेकजणी बिचकतात. आपल्या पेटीच्या भाषेत त्या पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच, जाड तारेकडून बारीक तारेकडे. प्रत्येक तार आधीच्या तारेचा मध्यम. म्हणजे जाड तारेला सा मानलंत तर दुसरी म. झालं की नाही ओळखीचं? आणि काम काय, तर तंबोऱ्याची खर्जाची तार आणि तबल्याचा डग्गा या दोघांचं मिळून जे असतं ते. सूरही धरायचा आणि ठेकाही. गाणारी वर कितीही हिंडो, खाली सा कुठं आहे हे सांगत राहायचं.

हे वाद्य तसं वयानं फार नाही. लिओ फेंडर यांनी अमेरिकेत १९५१ साली ती बाजारात आणली, तोवर बेस म्हणजे माणसाहून उंच, उभं धरायचं लाकडी धूड. आपल्या हिंदी चित्रपट संगीतात हे सूर बरेचसे गोव्याच्या वादकांच्या हातून आले. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. रेडिओवर आपण ती गाणी भाजी निवडता निवडता हजारदा ऐकली, पण खाली कोण वाजवतंय हे कुणी विचारलं नाही. आजची गोष्ट सांगायची तर मुंबईची मोहिनी डे. वडील स्वतः बेस वादक, त्यांनी तिला अगदी लहानपणापासून शिकवलं. ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजवून ती आता जगभर फिरते.

पण मला जाऊबाईंना ऐकवायची आहे ती कॅरॉल के यांची हकीकत. जन्म १९३५, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला. लॉस एंजेलिसमध्ये क्लबांतून गिटार वाजवायच्या, गिटारच्या शिकवण्याही घ्यायच्या, घरी मुलं. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला बेस वाजवणारा आलाच नाही. तेव्हा यांना ती हातात घ्यायला सांगितलं, आणि पुढं त्या शहरातल्या सर्वांत मागणी असलेल्या बेस वादकांत त्यांची गणना झाली. बीच बॉइज यांच्या १९६६ च्या 'पेट साउंड्स' या गाजलेल्या तबकडीवर त्या आहेत. एकूण ध्वनिमुद्रणांचा आकडा १०,००० च्या घरात सांगितला जातो. १९६९ मध्ये त्यांनी शिकणाऱ्यांसाठी पुस्तकही काढलं.

इथं एक मोह होतो, तो मला टाळायचा आहे. बेस म्हणजे घरातली गृहिणी, कुणाच्या लक्षात येत नाही पण नसली की सगळं कोसळतं, असं काहीतरी गोड लिहिता येईल. नको. कॅरॉल के प्रत्येक ध्वनिमुद्रणाचे ठरलेले पैसे मोजून घेत होत्या. गृहिणीचं आणि बेसचं नातं जोडायचंच असेल तर आधी तेवढी बाब जुळवावी, मग बोलावं.

असो. आता कामाचं.

तुम्हाला लागणार आहे ती एक छोटी डबी. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. एका बाजूनं गिटारची जाड पिनेची वायर आत जाते, दुसऱ्या बाजूनं वायर कॉम्प्युटरला किंवा फोनला. वाद्यांच्या दुकानात मिळते. घेताना दोनच गोष्टी विचारा. गिटार थेट लावायची सोय आहे का (तिथं 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय झेड' असं लिहिलेलं असतं) आणि तुमच्या फोनला चालेल का. दोन माइक, चार माइक लावायच्या मोठ्या डब्यांच्या नादी लागू नका. दुकानदार दाखवणारच. तुम्हाला एकच भोक हवं आहे.

दुसरी गोष्ट हेडफोन, कान पूर्ण झाकणारे आणि वायरीचे. वायरीचे हे ठासून सांगते, कारण घरात हल्ली सगळ्यांकडे बिनवायरीचे असतात आणि मुलं तेच आणून देतात. त्यांच्यात आवाज किंचित उशिरा पोचतो. बातम्या ऐकताना ते कळत नाही. पण बोट तारेवर आत्ता पडलं आणि सूर कानात नंतर आला की ताल सुटलाच म्हणून समजा. वाजवणारीला वाटतं आपल्यालाच जमत नाही. डबीवर 'डायरेक्ट मॉनिटर' असं बटण असेल तर ते चालू ठेवा, म्हणजे गिटारचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता सरळ कानात येईल.

रेकॉर्ड करायचा प्रोग्रॅम विकत घ्यायची गरज नाही. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी फुकट आहे. ॲपलच्या यंत्रांवर गॅरेजबँड फुकट. फोनवर बँडलॅब. यांतलं एक घ्या आणि तेच धरून राहा. रोज नवा प्रोग्रॅम उतरवून घेणं म्हणजे रोज नवी कढई आणून भाजी न करणं.

आणि या सगळ्यातली सुखाची गोष्ट आता ऐका. गिटार अशी थेट वायरीनं जोडली की खोलीतला आवाज आत जातच नाही. कुकरची शिट्टी होऊ दे, खाली भंगारवाला ओरडू दे, सासूबाईंची मालिका चालू असू दे, रेकॉर्डिंगमध्ये त्यातलं काही येत नाही. गाणारीला किंवा सतार वाजवणारीला हे भाग्य नाही. तिला घर गप्प करावं लागतं, आणि आपली घरं कधी गप्प होतात? उलट तुम्ही वाजवता तेही कानाबाहेर जात नाही, म्हणून दुपारी दीड वाजता शेजारच्या आजी झोपल्या असल्या तरी चालेल. मला तर वाटतं, भरल्या घरात राहणाऱ्या बाईसाठी याहून सोयीचं वाद्य नसेल.

मात्र एक आवाज आत शिरतो, तो विजेचा. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, आणि जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सूर ४९ चा. (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात.) म्हणजे ती घरघर अगदी तुमच्याच सुरांच्या पंगतीत येऊन बसते आणि मग काढता येत नाही. लॅपटॉप चार्जरवर असेल तर चार्जर काढून बघा. ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर यांच्यापासून दोन-तीन हात लांब बसा. तारांवर हात ठेवला की घरघर कमी होते आणि उचलला की वाढते असं असेल तर न वाजवतानाही तळवा तारांवर टेकलेला असू द्या.

गाणं कोणतं घ्यावं? पत्रात तुम्ही तीन गाण्यांची नावं दिलेली नाहीत. मुलाला थक्क करायचं म्हणून अवघड निवडू नका. मी सुचवीन ते बेन ई. किंग यांचं १९६१ चं 'स्टँड बाय मी'. सा पांढरी सहावर धरा, जो आपल्यापैकी कितीतरीजणींचा गाण्याचाही सा असतो. मग चालायचं ते असं: सा आठ मात्रा, खालचा ध आठ मात्रा, म चार, प चार आणि पुन्हा सा आठ. मोजा बरं, बत्तीस झाल्या ना? म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं. सगळं गाणं याच फेऱ्यावर उभं आहे, अंतऱ्यालासुद्धा बदल नाही. सा म्हणजे दुसरी तार मोकळी, ध म्हणजे जाड तारेचा दुसरा फ्रेट, म म्हणजे तिसरी तार मोकळी, प म्हणजे जाड तार मोकळी. डावा हात जवळजवळ बसूनच आहे. सुरुवातीला नुसती एकेका मात्रेला एकेक तार छेडा. मूळ गाण्यातली लचक नंतर कानानं आपोआप येते, आणि नाही आली तरी गाणं उभं राहतं.

मुलं 'सेव्हन नेशन आर्मी' सांगतील. २००३ चं गाणं आहे, सुरावट सोपी आणि झोकदार आहे, जरूर वाजवा. गंमत अशी की त्यात बेस गिटार नाहीच. द व्हाइट स्ट्राइप्समध्ये दोघंच जण होते. साध्या गिटारीचा आवाज पायाखालच्या यंत्रानं एक सप्तक खाली उतरवून ते वाजवलेलं आहे.

जुनं हिंदी गाणं घेणार असाल तर आधी पट्टी बघा. पूर्वीची रेकॉर्डिंग फितीवर व्हायची आणि फितीचा वेग थोडा इकडंतिकडं व्हायचा. त्यामुळे कधी कधी गाणं काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधेच कुठंतरी लटकतं. तुम्ही कितीही सुरात असलात तरी ते बेसूर लागणार. अशा वेळी गाण्याला लावून गिटारच किंचित चढवा-उतरवा. आणि जुन्या भावगीतांत बेस नाही म्हणून ती सोडू नका. पेटीवर गाणं बसवताना डाव्या हाताला जे खालचे सूर सुचतात, तेच इथं वाजवायचे.

बसवताना मूळ वेगाच्या साधारण अर्ध्यावर बसवा. मेट्रोनोम लावा, फोनवर फुकट मिळतो. 'स्टँड बाय मी' मिनिटाला साधारण १२० मात्रांच्या आसपास चालतं, तुम्ही ७० वर सुरू करा. ७० ला हसतखेळत आलं की पाच-पाचनं वाढवा. चुका जिथं होतात तेवढाच तुकडा घोटायचा. दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्यांचा मुखडा उत्तम होतो आणि शेवटचं कडवं कायम कच्चं राहतं.

आता प्रत्यक्ष रेकॉर्डिंग. तारा सुरात लावून घ्या, प्रत्येक वेळी, दहा मिनिटांपूर्वी लावल्या असल्या तरी. मग सगळ्यांत जोरात वाजवणार तो भाग वाजवून डबीवरचं बटण असं ठेवा की पडद्यावरची पट्टी शून्याच्या खाली सहा ते बारा डेसिबलपर्यंतच चढेल. तांबडा दिवा लागता कामा नये. आवाज कमी आला तर नंतर वाढवता येतो. जास्त येऊन फाटला तर मात्र नासलेल्या दुधासारखं, त्याचं दूध पुन्हा होत नाही. आधी दोन ओळी वाजवून पाहा आणि पडद्यावर बघा, तुमचा सूर मेट्रोनोमच्या ठोक्याच्या किंचित मागं उमटलाय का. सगळे सूर सारखेच मागं असतील तर तो यंत्राचा उशीर आहे. अख्खी पट्टी तेवढी डावीकडे सरकवली की झालं. काही मागं आणि काही पुढं असतील तर मात्र तो आपला ताल. तिथं यंत्राला बोल लावू नये.

मूळ गाण्याबरोबर वाजवायचं की वेगळ्या साथीवर, हे ज्याचं त्यानं ठरवावं. हल्ली गाण्यातला बेस वेगळा काढून बाकीचं ठेवणारे प्रोग्रॅम निघाले आहेत, ते वापरले तर आपला आवाज स्वच्छ कळतो. एका बैठकीत तीनदा वाजवा, चौथ्यांदा नको. बोटं दमली की मन चिडतं आणि चिडलेल्या मनानं ताल पळतो. तिघांतलं बरं ते ठेवा. मधला एखादा तुकडा बिघडला असेल तर तेवढाच पुन्हा वाजवून जोडता येतो. तबकड्या काढणारे मोठमोठे वादकही ते करतात, ती काही फसवणूक नव्हे.

आणि मग ऐकणं. त्याच दिवशी ऐकू नका असं मी म्हणते. दुसऱ्या दिवशी ऐका. आपलं वाजवणं पहिल्यांदा ऐकताना पोटात गोळा येतो. टेपवर स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा कसं झालं होतं, तसंच. हेडफोनमध्ये प्रत्येक सूर ठसठशीत ऐकू येतो आणि कळतं की सुरुवात बरी आहे, सूर संपतात मात्र कसेही. तार छेडायला सगळे शिकवतात, थांबवायला फार थोडे. मोकळ्या तारा तर वाजवून झाल्या तरी गुणगुणत राहतात, म सोडून प वर गेलात तरी मागं म चालूच. डाव्या हाताची रिकामी बोटं नुसती टेकवून ठेवायची सवय लावा. तोवर एक घरगुती उपाय आहे. भांडी घासायच्या स्पंजची नवी कोरी पट्टी कापा आणि तारा खाली जिथं अडकवलेल्या असतात त्या जागेजवळ, तारांच्या खाली सारून द्या. सूर आखूड, गोल आणि नीटनेटका होतो. हसू नका, जुन्या फेंडर गिटारींत कारखान्यातूनच फोम बसवून येत असे, आणि कॅरॉल के तारांवर फेल्टचा तुकडा ठेवूनच वाजवत.

दोन्ही आवाज मिसळताना बेस मूळ गाण्यात असतो त्यापेक्षा थोडा वर ठेवा, पण गाणाऱ्याला बुडवू नका. आणखी एक करा. प्रोग्रॅममध्ये आवाजाचे वेगवेगळे थर कमीजास्त करायची सोय असते, तिथं ७०० ते १,००० च्या आसपास थोडं चढवा. याचं कारण मजेचं आहे. फोनच्या स्पीकरवर मूळ खर्ज येतच नाही, पण त्याचे वरचे सोबती सूर आले की आपला मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणजे नसलेला सूर ऐकू येतो!

तरीसुद्धा, मुलाला पाठवाल तेव्हा सोबत एक ओळ लिहाच: हेडफोन लावून ऐक. एवढी एक ओळ राहून गेली तर तो बसमध्ये उभ्या उभ्या फोन कानाला लावणार, त्याला गाणं तेवढं ऐकू येणार आणि तो लिहिणार, "आई, कुणाचं गाणं पाठवलंस?" इतक्या महिन्यांची मेहनत अशी जाऊ देऊ नका. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर चित्र आणि आवाज दोन्ही दाबून बारीक होतात.

चित्र हवंच का? मी म्हणेन हवं. नाहीतर आईच वाजवते आहे हे त्याला पटायचं नाही. खिडकीकडे तोंड करून बसा, पाठ करून नव्हे. फोन आडवा, छातीच्या उंचीवर, डाव्या हाताची बोटं दिसतील असा. चेहरा दाखवायचा नसेल तर मान ते गुडघे एवढीच चौकट घ्या. कितीतरी वादक तसंच करतात, त्यात कमीपणा नाही. फोनवरचं चित्र आणि डबीतून आलेला आवाज नंतर जुळवायचा असतो. त्यासाठी लोक टाळी वाजवतात. पण टाळी गिटारच्या वायरीतून आत जाणार नाही, हे वर आलंच आहे. म्हणून सुरुवातीला तारा डाव्या हातानं दाबून एक कडक टिचकी मारा. ती फोनलाही ऐकू येते आणि गिटारलाही. दोन टिचक्या एकमेकींखाली आणून ठेवल्या की बोटं आणि सूर जुळतात. मग फोनचा आवाज पार बंद.

आता जाऊबाईंकडे वळते. पहिलं रेकॉर्डिंग एकाच माणसाला पाठवावं, आणि ते माणूस असं निवडावं की ज्याला त्यातलं थोडं तरी कळतं आणि जो खरं सांगेल. तुमच्या बाबतीत तो मुलगाच आहे, गिटार त्याचीच. तो हसेल अशी तुम्हाला भीती आहे. हसेलही. आईला अशा रूपात पाहिलेलं नसतं ना! पण मग तो विचारील, स्पंज कुठून सुचला, आणि तुमचं फोनवरचं बोलणं 'जेवलास का' यापलीकडे जाईल.

कुटुंबाच्या ग्रुपवर मात्र एवढ्यात टाकू नका. तिथं सकाळच्या फुलांच्या चित्रांमध्ये तुमचं गाणं येणार, चाळीस अंगठे उठणार आणि त्यांतल्या अडतीस जणांनी ते ऐकलेलं नसणार. 'या वयात?' हे वाक्य तिथंच जन्माला येतं. त्याला उत्तर देत बसण्यात दुपार घालवू नये, असं माझं मत आहे. दुपारी वाजवायला बसावं. पाच-सहा गाणी झाली की हवं तर टाका. तोवर कोण काय म्हणेल हे तुमच्या लेखी मागं पडलेलं असेल, आणि नसेल तरी पाच-सहा गाणी तर हातात आहेत.

बाहेरच्या जगासाठी यूट्यूब. तिथं 'अनलिस्टेड' असा एक पर्याय आहे. ज्याला तुम्ही दुवा द्याल त्यालाच दिसतं, शोधून सापडत नाही. पहिल्यांदा तोच घ्या. सगळ्यांना खुलं करायचं ठरवलंत तर प्रतिक्रिया बंद ठेवायची सोयही आहे, बाई दिसली की काही लोकांना गाण्याखेरीज इतर गोष्टींवर बोलायची उबळ येते. चित्र घेताना मागं काय दिसतं तेही पाहा. दारावरची पाटी, नातवंडाचा शाळेचा गणवेश, खिडकीतून दिसणारं इमारतीचं नाव, हे काही नको.

हक्कांचंही थोडं सांगते, कारण एकीला यूट्यूबकडून सूचना आली आणि पोलीस येणार म्हणून ती दोन दिवस जेवली नव्हती. गाण्यात दोन मालमत्ता असतात: एक शब्द-संगीत रचणाऱ्यांची, दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. तुम्ही मूळ ध्वनिमुद्रणावर वाजवून जाहीरपणे टाकलंत तर दोन्हींना हात लागतो, स्वतःच्या साथीवर वाजवलंत तर पहिलीला. घरात वाजवून मुलाला ऐकवण्याला कुणी अडवत नाही. यूट्यूबवर यंत्रच गाणं ओळखतं आणि हक्कदाराच्या वतीनं 'क्लेम' नोंदवतं. बहुतेक वेळा तुमचं चित्र तिथंच राहतं, त्यावरच्या जाहिरातींचे पैसे हक्कदाराला जातात. कधी आवाज बंद होतो, कधी काही देशांत दिसत नाही. क्लेम म्हणजे गुन्हा नव्हे. 'स्ट्राइक' म्हणून जी दुसरी चीज आहे ती गंभीर.

आणखी काहीजणींनी बारीकसारीक विचारलं आहे, तेही इथंच उरकते.

उजव्या हातातल्या बांगड्या तारांवर आपटतात. काचेच्या असोत की सोन्याच्या, तो आवाज वायरीतून सरळ आत जातो. काढायच्या नसतील तर मनगटाला मऊ रुमाल गुंडाळून त्याखाली सारा. मंगळसूत्र पट्ट्याखाली रुतू नये म्हणून पदराच्या आत घ्या, आणि पट्टा रुंद असू द्या. चार किलोंच्या आसपास वजन असतं, अरुंद पट्टा खांदा कापतो. हात लहान म्हणून फ्रेटपर्यंत पोचत नसतील तर 'शॉर्ट स्केल' नावाची आखूड मानेची बेस मिळते. नेहमीची तार ३४ इंच, हिची ३०. डाव्या हाताची नखं कापावीच लागतील. त्याला इलाज नाही.

भांडी घासल्यावर लगेच वाजवायला बसू नका. भिजून मऊ झालेल्या बोटांना लवकर फोड येतात, आणि ओलसर हातांनी तारा गंजतात. अर्धा तास जाऊ द्या. वाजवून झालं की जुन्या मलमलीच्या कोरड्या फडक्यानं प्रत्येक तार वरून-खालून पुसायची. मनगट दुखलं तर त्या दिवशी पुरे करायचं. बोटांची टोकं दुखणं वेगळं, ते दोन-तीन आठवड्यांत थांबतं.

आणि गिटारच्या पाठीमागे बॅटरीचं छोटं झाकण असेल, आत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी असेल, तर वायर खोचलेली ठेवून उठू नका. पिन आत असेपर्यंत ती बॅटरी जळत राहते. दोन वर्षं पलंगाखाली होती म्हणता, तर झाकण उघडून ती आधी बघाच, पाझरली असेल.